खाचांचा काठ : मॉन्टीथ वाडग्याचं प्रकरण

ऑक्सफर्डचा अँथनी वूड हा जुन्या वस्तू, जुनी घराणी आणि गावातल्या घडामोडी निगुतीने टिपून ठेवणारा माणूस. डिसेंबर १६८३ च्या नोंदींत त्याने एका भांड्याविषयी लिहून ठेवलं आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक नवं पात्र निघालं. त्याच्या काठाला खाचा असतात. पेले उलटे करून त्यांच्या तळच्या बैठकीपाशी त्या खाचांत अडकवायचे, म्हणजे पेल्याची वाटी आतल्या पाण्यात लोंबकळते आणि गार होते. या पात्राला 'मॉन्टीथ' म्हणतात, कारण त्याच सुमारास त्या नावाचा एक तऱ्हेवाईक स्कॉट आपल्या झग्याची खालची कड अशीच कापून मिरवत असे. कड कशी होती हे कळावं म्हणून वूडने इंग्रजी यू हे अक्षर चार वेळा शेजारी शेजारी काढलं आहे.

भांड्याकुंड्यांच्या इतिहासात जन्माची इतकी स्वच्छ नोंद क्वचितच सापडते. काळ कळतो, वापर कळतो, नाव कुठून आलं तेही कळतं. म्हणून हे एकच भांडं निवडून त्याचं प्रकरण शेवटपर्यंत नेऊन पाहावंसं वाटलं. वाईनचे पेले गार करणारी आणि विसळणारी सगळी भांडी अभ्यासक सहसा एकाच गठ्ठ्यात बांधतात. गार करायचं भांडं की विसळायचं, हा वाद मग वर्षानुवर्षं चालतो. माझं म्हणणं असं, की हे भांडं गार करण्यासाठी जन्माला आलं आणि पुढच्या शंभर वर्षांत विसळण्याचं होत गेलं. या बदलाचं मुख्य कारण पेल्यांच्या वजनात सापडतं.

जेवणाची खोली

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरात जेवायच्या टेबलावर पेले मांडलेले नसत. ते बाजूच्या मेजावर असत. पाहुण्याला प्यायचं असेल तेव्हा तो नोकराला खूण करी, नोकर भरलेला पेला तबकात घेऊन येई, पाहुणा तो तिथल्या तिथे रिकामा करी आणि पेला परत जाई. तोच पेला विसळून पुढच्याला मिळे. त्यासाठी बाजूच्या मेजावर तोटीचं पाण्याचं पात्र असे आणि खाली बाटल्या गार करण्यासाठी मोठा हौद. हे हौद किती मोठे होत गेले याची कल्पना सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातल्या एका नमुन्यावरून येते. लंडनमध्ये १७३४-३५ च्या सुमारास चार्ल्स कँडलरच्या कारखान्यात घडलेल्या त्या हौदाला दोनशे किलोंहून जास्त चांदी लागली आहे.

बाटलीची सोय अशी चोख होती. पेल्याची नव्हती. मेणबत्त्या, शेकोटी आणि माणसांची गर्दी यांनी तापलेल्या खोलीत पेलाही तापलेला. बाटलीतली वाईन कितीही गार असली तरी पेल्यात पडताक्षणी तिचा गारवा उतरायचा. बर्फ दुर्मीळ असला तरी अगदीच नवखा राहिला नव्हता. दुसऱ्या चार्ल्सने गादीवर आल्याबरोबर १६६० मध्ये सेंट जेम्स पार्कात बर्फघर बांधून घेतलं होतं आणि सरदार मंडळी त्याचं अनुकरण करू लागली होती. वूडने ही नोंद केली त्याच हिवाळ्यात लंडनची टेम्स नदी इतकी गोठली की तिच्यावर दुकानं लागली. तेव्हा मोठ्या घरांत थंड पाण्याची तरतूद होती. पेला आणि पाणी यांची नीट गाठ घालून देणारं भांडं तेवढं हवं होतं.

शिसेकाच

आता पेल्याकडे येऊ, कारण खरी किल्ली तिथे आहे.

१६७० पर्यंत इंग्लंडमधले चांगले पेले व्हेनिसहून येत. जॉन ग्रीन हा लंडनचा काचव्यापारी त्या वर्षांत व्हेनिसजवळच्या मुरानोच्या अलेसिओ मोरेल्लीला चित्रं काढून मागण्या पाठवत असे. ती पत्रं आणि चित्रं आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुरानोची काच पातळ, हलकी, फुंकर घालावी तशी नाजूक. १६७४ मध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने लंडनमध्ये नव्या प्रकारच्या काचेचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या काचेला बारीक तडे जाऊन ती धुरकट होई. मिश्रणात शिशाचं ऑक्साइड घातल्यावर तो दोष आटोक्यात आला आणि १६७७ पासून त्याच्या चांगल्या मालावर डोमकावळ्याच्या डोक्याचा ठसा उमटू लागला. ही काच जड, मऊ, पाण्यासारखी निवळ. ती पातळ फुंकून उपयोग नसे. तिचं सौंदर्य जाडीत होतं. म्हणून १६८० नंतरचा इंग्रजी पेला म्हणजे जाड वाटी, गाठीगाठींची भरीव दांडी आणि कड दुमडलेली रुंद बैठक.

इथे थोडं गणित करून पाहू. शिसेकाचेची उष्णता धरून ठेवण्याची ताकद वजनाच्या मानाने पाण्याच्या साधारण एक-अष्टमांश. पेल्याची फक्त वाटी पाण्यात बुडते, म्हणून तिचंच वजन धरू, समजा १२० ग्रॅम. म्हणजे उष्णतेच्या हिशेबात ती १५ ग्रॅम पाण्याइतकी झाली. तिच्यात १० अंशांची ६० मिलिलिटर वाईन ओतली. वाईनही पाण्यासारखीच धरू. पेला खोलीत २२ अंशांवर असेल तर वाईन साडेबारा अंशांच्या आसपास जाते. तोच पेला बर्फाच्या पाण्यात ४ अंशांपर्यंत गार केलेला असेल तर वाईन नऊच्या आत राहते. जवळजवळ साडेतीन अंशांचा फरक. जिभेला हा कळतो.

हेच गणित मुरानोच्या ३० ग्रॅम वाटीवर केलं तर फरक जेमतेम एक-दीड अंशाचा उरतो. तेवढ्यासाठी कोणी चांदीचं भांडं घडवून घेणार नाही. जड पेला गरम असला तर वाईनचा नाश करतो आणि गार असला तर तिला सांभाळतो. इंग्लंडात जड पेला आला आणि दहाएक वर्षांत तो गार करायचं भांडं आलं, हा मला योगायोग वाटत नाही. जाड वस्तूत गारवा मुरायला वेळ लागतो. आपण आंबे खाण्याआधी बराच वेळ पाण्यात टाकून ठेवतो तसंच. म्हणून पेला नुसता बुचकळून चालत नाही, तो टांगून ठेवावा लागतो आणि त्यासाठी खाच लागते.

खाच जवळून पाहिली तर

चांदीचा मॉन्टीथ म्हणजे साधारण फूटभर व्यासाचा, वीतभर खोल वाडगा. अंगावर रुंद पन्हाळी, दोन्ही बाजूंना सिंहमुखांतून लोंबणाऱ्या कड्या, मधे घराण्याचं चिन्ह. काठावर बहुधा आठ खाचा, क्वचित कमी-जास्त. दोन खाचांच्या मधला भाग वर उचललेला आणि बऱ्याचदा बाहेर वळलेला. त्यावर पुढेपुढे देवदूतांचे चेहरे आणि वेलबुट्टी आली.

खाचेची बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. पेल्याची दांडी तिच्यात सहज बसेल आणि रुंद बैठक बाहेर अडकून राहील इतकीच ती रुंद. खोली अशी की वाटी पाण्यात जावी आणि बैठक कोरडी राहावी, म्हणजे नोकराला पेला बैठकीला धरून उचलता येतो, वाटीला बोटं लागत नाहीत. मधले उंच दाते पेल्यांना एकमेकांवर आदळू देत नाहीत. शिसेकाच मऊ असते, धक्क्याने तिची कड टवके सोडते. म्हणून खाचेच्या कडेला गोलसर गोट जोडलेला असतो. आठ पेले, आठ खाचा आणि एक नोकर. जेवणाच्या खोलीतली गरज ओळखून, हाताशी असलेलं पाणी आणि धातू वापरून केलेली ही रचना आहे, आणि तिच्यात एकही भाग फुकट नाही.

जुने नमुने १६८० च्या दशकातले. त्यांचा काठ भांड्याचाच भाग असे. १६९० नंतर मात्र काठ वेगळा करून बसवण्याची पद्धत आली, आणि तिथे आपल्याकडचा धागा येऊन मिळतो. काठ काढला की तोच वाडगा पंचचा. पंच हे पेय इंग्रजांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उचललं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख १६३२ पासून आहे आणि १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेलस्लो या जर्मन प्रवाशानेही वखारीतल्या इंग्रजांच्या अशाच पेयाची नोंद केली आहे. आरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. यातल्या आरकेसाठी गोव्याचं नाव होतं. माडाच्या सुरेपासून काढलेली गोव्याची आरक इंग्रजांना प्रिय होती. हे पेय लंडनला गेलं, तिथल्या चांदीकारांनी त्यासाठी मोठे वाडगे घडवले, आणि मग गिऱ्हाइकाला एकाच किमतीत दोन भांडी देण्यासाठी मॉन्टीथचा काठ सुटा केला. जेवण चालू असताना पेल्यांचं भांडं, जेवण उरकल्यावर काठ बाजूला, आत पळी आणि लिंबाची गाळणी.

या सुट्या काठाच्या वाडग्यांवर ब्रिटानियाची आकृती आणि सिंहाचं मुंडकं असे ठसे वारंवार दिसतात. ते वाढीव कसाच्या चांदीची खूण आहेत. १६९७ मध्ये कायद्याने भांड्यांच्या चांदीचा कस ९२.५ टक्क्यांवरून ९५.८ टक्क्यांवर नेला, कारण कारागीर नाणी वितळवून भांडी करत होते. नाण्यापेक्षा भांड्याची चांदी जास्त शुद्ध केली की नाणं जसंच्या तसं वितळवून भागत नाही. हा कस १७२० पर्यंत सक्तीचा होता, आणि मॉन्टीथचा बहराचा काळही साधारण तोच. शुद्ध चांदी मऊ असल्याने त्या काळचे वाडगे हाताला जड लागतात आणि त्यांच्या कडा किंचित झिजलेल्या असतात.

फ्रान्समधली वाट

फ्रान्सने हाच प्रश्न चिनी मातीत सोडवला. व्हिन्सेनच्या आणि १७५६ नंतर सेव्हरच्या कारखान्यात खाचांचे लांबट वाडगे होत, आणि त्याबरोबर एकाच पेल्यासाठी छोटी बादलीसारखी भांडीही. पंधराव्या लुईसाठी १७५३ ते १७५५ मध्ये केलेल्या आकाशी निळ्या संचात बाटलीसाठी वेगळं, अर्ध्या बाटलीसाठी वेगळं, पेल्यासाठी वेगळं अशी उतरंड दिसते. राजाला मोजक्या मंडळींबरोबर, नोकर दूर ठेवून जेवायला आवडे. नोकर खोलीत नको असतील तर प्रत्येकाचा गारवा प्रत्येकाच्या हाताशी हवा. एकाच मोठ्या वाडग्याची अनेक छोटी भांडी होण्याची सुरुवात मला इथे दिसते. इंग्लंडमध्ये तीच गोष्ट घडली, पण वेगळ्या कारणाने.

कर आणि हलका पेला

१७४५ मध्ये इंग्लंडने काचेवर कर बसवला. तो वजनावर होता: शिसेकाचेच्या कच्च्या मालाच्या दर हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोंना, ९ शिलिंग ४ पेन्स. १७७७ मध्ये तो दुप्पट झाला. कारखानदारांनी सरळ मार्ग धरला आणि पेले हलके केले. दांड्या बारीक झाल्या, दुमडलेली बैठक गेली, वाट्या लहान आणि पातळ झाल्या. काचेच्या जाडीत मावणारी शोभा गेल्यावर दांडीत हवेचे पीळ आणि पांढऱ्या दोऱ्यांची नक्षी आली, पुढे पैलू पाडणं आलं.

वरचं गणित आठवा. वाटी हलकी झाली तसा गार पेल्याचा फायदा घटला. पण त्याच सुमारास दुसरी गरज वाढली. पेले आता टेबलावर, माणसाच्या पुढ्यात आले होते. जेवणात एकामागून एक वेगवेगळ्या वाईन येत: ऱ्हाइनची पांढरी, बोर्दोची लाल, मदेरा, आणि इंग्लंड-पोर्तुगालमधल्या १७०३ च्या मेथ्यून तहानंतर पोर्तुगालची पोर्ट तर घरोघर. पोर्ट गोड आणि चिकट, तळाशी गाळ सोडणारी. तिच्या पेल्यात दुसरी वाईन ओतली तर दोन्ही बिघडतात. प्रत्येक वाईनला नवा पेला देण्याइतकी काच स्वस्त नव्हती, कारण कर वजनावर होता आणि चढत होता. तेव्हा प्रत्येकासमोर छोटं पाण्याचं भांडं ठेवून दिलं की एक पेला वापरात, दुसरा पाण्यात.

हे भांडं अठराव्या शतकाच्या शेवटच्या तिशीत रूढ झालं. चार-पाच इंच रुंद, सरळ भिंतींचं, सपाट बुडाचं काचेचं भांडं. समोरासमोर दोन ओठ बाहेर काढलेले. कधी बिनरंगी आणि पैलू पाडलेलं, बऱ्याचदा गडद निळं, जांभळं किंवा हिरवं. रंगाचं कारण कदाचित शोभेपुरतंच असेल, पण त्याचा एक गुण मला महत्त्वाचा वाटतो: गडद काचेत पोर्टने गढूळलेलं पाणी पाहुण्याच्या नजरेत भरत नाही. विसळायच्या भांड्याला हा गुण हवाच. चांदीच्या मॉन्टीथला त्याची गरज नव्हती, कारण तो बाजूच्या मेजावर नोकराच्या ताब्यात असे.

आठ खाचांच्या जागी दोन ओठ, एका भांड्याच्या जागी बारा भांडी, चांदीच्या जागी काच. काम तेच राहिलं, पण त्यातला गार करण्याचा भाग मागे गेला आणि विसळण्याचा पुढे आला. विक्रेते मात्र या छोट्या भांड्यांना पुढेही पेले गार करायची भांडीच म्हणत राहिले, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या सवयीतून आला आहे.

हिंदुस्थानातल्या इंग्रज घरांत गार करण्याचा प्रश्न शिल्लक होता आणि तो माणसाने सोडवला. आबदार हा स्वतंत्र नोकर असे. तो सोरा पाण्यात विरघळवून त्या थंड होणाऱ्या पाण्यात बाटल्या आणि सुरया फिरवत राही; ही युक्ती मोगल दरबारात आधीपासून होती. १८३३ मध्ये बोस्टनहून 'टस्कनी' जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचलं, पाठोपाठ मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि आबदाराच्या सोऱ्याची गरज हळूहळू संपली.

शेवट आणि ओळख

१८४५ मध्ये काचेवरचा कर रद्द झाला. पेले स्वस्त झाले. त्याच दशकांत जेवण वाढण्याची रशियन पद्धत रुळली: एकेक पदार्थ क्रमाने येणार आणि प्रत्येक वाईनसाठी वेगळा पेला आधीच मांडलेला असणार. विसळायचं कारणच उरलं नाही. १८६० नंतर ही छोटी भांडी जुन्या वळणाच्या घरांतच दिसत. मॉन्टीथचं नशीब वेगळं निघालं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जुन्या आकारांची हौस आली, तेव्हा खाचांचा काठ गुलाब ठेवायच्या वाडग्यांवर आणि स्पर्धांच्या चषकांवर उतरला. आज क्लबांच्या कपाटात जे चांदीचे खाचांचे वाडगे दिसतात त्यांतले बहुतेक या दुसऱ्या जन्मातले. त्यांत पेला कधी टांगला गेला नाही.

त्याच हौसेपायी एक नुकसानही झालं. पंचच्या साध्या जुन्या वाडग्यांचे काठ कापून त्यांचे मॉन्टीथ केले गेले, कारण मॉन्टीथला भाव जास्त होता. मूळ भांडं खरं, ठसे खरे, आणि काठ खोटा. वाडगा जुना आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. काठ कापला की त्या वाडग्याचा स्वतःचा इतिहासही कापला जातो. ब्रिटनच्या १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्याने अशा विनापरवाना फेरफाराला बंदी आहे. तपासताना खाचेचा गोट पाहावा: मूळ कामात तो वळणाबरोबर अखंड फिरतो, नंतरच्या कामात दात्यांच्या टोकाशी सांधे दिसतात. सुटा काठ असेल तर त्यावरही कारागिराचा ठसा सापडायला हवा, आणि तो वाडग्यावरच्या ठशाशी जुळायला हवा.

काचेच्या छोट्या भांड्यांत गल्लत होते ती बोटं धुवायच्या वाटीशी. दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची, कित्येकदा एकाच कारखान्याची. बोटांच्या वाटीला ओठ नसतो. एकच ओठ असलेली भांडी सापडतात, तीही पेल्याचीच. ओठाच्या आतल्या बाजूला, जिथे दांडी टेकते तिथे, भिंगातून आडव्या बारीक ओरखड्यांचा पट्टा दिसतो. खूप वापरलेल्या भांड्यात तो बोटाच्या नखालाही जाणवतो. बुडाखाली टेबलावर घासून आलेली मंद झीज असावी, आणि ती सगळीकडे सारखी असू नये. नव्या मालावर मुद्दाम घासून आणलेली झीज एकाच दिशेची असते. सूचीत नोंद करताना अशा भांड्याला मी 'पेले विसळायचं भांडं' लिहीन, आणि चिनी मातीच्या किंवा १७२० आधीच्या चांदीच्या खाचांच्या वाडग्याला 'पेले गार करायचं भांडं'.